मेलेला पारा

मी एक पाराशोधक. नाव भारदस्त आहे, पण दिसायला मी बाटलीतलं बिनरंगी पाणी. मला एकच काम येतं. पाण्यात विरघळलेला पारा असेल तर मी गुलाबी होतो, नसेल तर आहे तसा राहतो. तिसरं काही मला येत नाही आणि आता शिकायची हौसही उरलेली नाही. फार थकलोय मी. पण आज बोलणं भाग आहे, म्हणून तोंड उघडलंय.

माझा जन्म बीडच्या एका कॉलेजात झाला, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत. ऋतुजा नावाची मुलगी तिथं पीएच.डी. करत होती, तिनं मला बनवलं. माझ्याआधी तिनं माझी पुष्कळ भावंडं केली होती. कुणी तपकिरी पडलं, कुणी काचेच्या तळाला चिकटून बसलं, एक तर इतकं मोकळ्या मनाचं निघालं की तांबं आलं तरी गुलाबी व्हायचं आणि जस्त आलं तरी. ती सगळी बेसिनखालच्या कॅनमध्ये गेली. माझ्याकडूनही तिला फारशी आशा नव्हती. तिनं पाऱ्याच्या क्षाराचा एक थेंब माझ्यात सोडला आणि ती स्टूल ओढून बसायच्या आत मी गुलाबी झालो. ती तशीच उभी राहिली. मग बाहेर जाऊन व्हरांड्यात एक चक्कर मारून आली आणि पुन्हा माझ्याकडं बघितलं. तिनं आईला फोन लावला आणि म्हणाली, "आई, जमलं एकदाचं." आईनं पलीकडून विचारलं, "कुठलं स्थळ?"

ते दिवस माझ्या रुबाबाचे होते. माझ्या अंगात एक कडी आहे, कायम मिटलेली. विरघळलेला पारा आला की ती उघडते आणि मला रंग चढतो. लोखंड, तांबं, चुना, मीठ, कुणी कितीही दार वाजवलं तरी ती उघडत नाही. एकदा उघडली की मात्र पुन्हा मिटत नाही. म्हणजे प्रत्येक उत्तरासाठी माझा थोडा थोडा भाग कायमचा खर्च होतो. हे तेव्हा मला जाणवलं नव्हतं, कारण बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती.

माणसांची एक गंमत मी तिथंच पाहिली. माझी परीक्षा घ्यायची म्हणून ते नळाचं, विहिरीचं, तळ्याचं पाणी आणायचे. त्यात पारा नसायचा. मग स्वतःच त्यात मोजून पारा टाकायचे, मला घालायचे, आणि मी गुलाबी झालो की एकमेकांकडं बघून हसायचे. आपणच ठेवलेली वस्तू आपल्यालाच सापडल्याचा एवढा आनंद मी दुसरीकडं कुठं पाहिला नाही. पण रीतच तशी आहे म्हणे, सगळ्या जगात.

एकदा शाळेची मुलं कॉलेज बघायला आली होती. ऋतुजाचे सर उत्साहात आले. फुटलेल्या थर्मामीटरमधला पाऱ्याचा टपोरा थेंब त्यांनी पाण्यात सोडला आणि वरून मला टाकलं. मी ढिम्म. पारा तळाशी चांदीसारखा चमकतोय आणि मी त्याच्याभोवती गप्प, हे बघून पोरं हसायला लागली. सरांचा चेहरा पडला. मग ऋतुजानं समजावून सांगितलं की हा पारा गोळा होऊन बसलाय, पाण्यात मिसळलेला नाही, म्हणून शोधकाला तो कळत नाही. ती बरोबर बोलत होती. डोळ्यांना दिसणारा पारा माझ्या कामाचा नाही. दिसेनासा होऊन पाण्यात उतरलेला पारा तेवढा मला कळतो.

नंतर तिनं मला पिशवीत घालून जिल्हाभर फिरवलं. आष्टीकडच्या विहिरी झाल्या, नेकनूरच्या आसपासचे बोअर झाले. एस.टी.त माझी बाटली ती मांडीवर घट्ट धरून बसायची. गावात पोचलो की माणसं जमायची आणि पाण्यात मला टाकताना श्वास रोखून बघायची. मी आहे तसा राहायचो. मग कुणीतरी सुटकेनं म्हणायचं, "म्हंजी पाणी चांगलं हाय." ऋतुजा सांगायची, "पारा नाही एवढंच कळलं, काका. बाकीचं याला कळत नाही." ते मान डोलवायचे आणि मागं वळून दुसऱ्याला सांगायचे की कॉलेजच्या बाईनं पाणी पास केलं. माझ्या गप्प राहण्याला माणसं आपल्याला हवा तो अर्थ देतात. सुरुवातीला मला त्याचा राग यायचा. पुढं रागावण्याचाही कंटाळा आला.

पुढं तिचा पेपर छापून आला. सरांनी पेढे वाटले. त्यानंतर कपाटातल्या मागच्या फळीवर माझी रवानगी झाली. नवीन विद्यार्थी आले, त्यांचे नवे शोधक आले, माझ्यापुढं बाटल्यांची रांग लागली. कधी कुणी दार उघडलं की थोडा उजेड यायचा, एवढंच. खरं सांगतो, मला त्याचं वाईट वाटलं नाही. झोप मिळाली.

दसरा झाला आणि एके दिवशी ऋतुजानं मला बाहेर काढलं. तिच्या थिसिसमध्ये गेवराई तालुक्यातला एक नमुना कमी पडत होता. शिवाय तिला चकलांब्याला जायचंच होतं. तिथं तिची थोरली मावशी राहते, भामाबाई. आईनं सांगितलं होतं, "मावशीचे हात कापायलेत म्हणं. नीट बघून ये. जमलं तर बीडला घेऊन ये दवाखान्यात." एका दगडात नमुना आणि मावशी, अशा हिशोबानं आम्ही निघालो.

भामाबाईला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती चहा घेऊन येत होती. कपबशी तिच्या हातात सारखी किणकिणत होती आणि अर्धा चहा बशीत आला होता. बाई उंच, काटक. बोलताना तोंडाला सारखा पदर लावायची, कारण हिरड्या सुजल्या होत्या. तिच्यामागून चड्डी सावरत तिची नात आली, अंजू. एवढीशी, बोबडं बोलणारी. आजीच्या लुगड्याचा काठ मुठीत धरल्याशिवाय ती घरात चालत नव्हती.

भामाबाईचा मुलगा बजरंग आणि सून सुकन्या दरवर्षी ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या सुमाराला ट्रॅक्टर येतो, आणि ते उन्हाळा लागला की परततात. तोवर अंजू आजीकडं. गेल्या दोन हंगामांत असंच चाललं होतं. यंदा घरात काहीतरी बिनसलंय हे मला बाटलीतूनही कळलं, कारण सासू-सून एकमेकींकडं न बघता बोलत होत्या.

"आत्याबाई, वंगाळ वाटून घिऊ नका," सुकन्या भांडी आवरता आवरता म्हणाली, "पर औंदा अंजूला आमी संगं नेतो."

"उसाच्या फडावर? त्या थंडीत?" भामाबाई म्हणाली. "झोपडीवानी उघड्या कोपीत निजवायची का पोरगी? उसाच्या पाचटात साप निगत्यात."

"मागल्या साली तुमच्या हातातून पडली ना चुलीपशी. तुमी मुद्दाम केलं असं म्या म्हनत न्हाई. पर म्या तिकडं कोयता चालवू का इकडचा घोर करू?"

भामाबाईनं अंजूला जवळ ओढलं आणि तिच्या केसातली गाठ सोडवायला लागली. बोटं थरथरत होती, गाठ काही सुटेना. पोरगी मात्र मान वाकवून शांत बसली होती, आजीला वेळ लागतो हे माहीत असल्यासारखी.

नंतर सुकन्या बाहेर गेल्यावर ती ऋतुजाला म्हणाली, "ऋतू, तू शिकल्याली हायेस. माजे हात थांबव. दुसरं काई नको मला. हात थांबले की सून पोरगी ठिवती माझ्यापशी." डॉक्टरांनी वयाचं आहे म्हणून सांगितलं होतं. कुणी नसांचं म्हणालं, कुणी बाहेरचं. बाई सगळीकडं जाऊन आली होती. गोळ्या खाल्ल्या, लिंबूही उतरवून झालं होतं.

त्या संध्याकाळी ऋतुजानं गावच्या विहिरीचं पाणी तपासलं. माझं उत्तर नेहमीचंच. शेजारची चतुराबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. तिनं निकाल देऊन टाकला, "पान्यात काई न्हाई. भामीला वयानंच धरलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र अंगणात बायकांची रीघ लागली. कुणी ज्वारीचं पोतं आणलं, कुणी तूर, कुणी मूग. ऊसतोडीला जाणारी माणसं घरी म्हाताऱ्या-पोरांसाठी धान्य भरून ठेवतात आणि ते उन्हाळ्यापर्यंत टिकावं लागतं. त्याला भुंगा लागू नये म्हणून चकलांब्याच्या या आळीत एक जुनी रीत होती. जायच्या आधी धान्य भामाबाईकडं आणायचं. तिच्या हातचं धान्य किडत नाही अशी तिची ख्याती होती. लग्न होऊन आली त्या वर्षी सासूनं तिला ती विद्या दिली होती, आणि आळीत दुसऱ्या कुणाला ती येत नव्हती.

ऋतुजा दात घासत ओट्यावर आली आणि जागच्या जागी थांबली.

भामाबाई सुपासमोर मांडी घालून बसली होती. डाव्या तळहातावर तिनं लिंबू पिळलं, चिमूटभर चाळलेली राख घेतली आणि काचेच्या नळीतून त्यावर एक थेंब पाडला. थेंब चमकला. तळहाताच्या खळग्यात इकडून तिकडं पळायला लागला. मग ती उजव्या अंगठ्यानं त्याला घोळवत, दाबत, फोडत राहिली. थेंबाचे बारीक मणी झाले, मण्यांची चकाकी गेली आणि शेवटी हातावर नुसती करडी राख उरली.

"मावशी, हातात काय आहे तुझ्या?"

"पारा. मेला आता."

"नुसत्या हातानं?"

"मंग कशानं? हाताची ऊब लागल्याबिगर त्यो मरतच न्हाई." तिनं ती करडी राख परातीतल्या राखेत मिसळली आणि मूठ मूठ घेऊन ज्वारीला चोळायला लागली. "माजी सासू म्हनायची, घाई केली की थोडा जित्ता राहतो. मन लावून मारावा लागतो."

ऋतुजाचा ब्रश हातातच राहिला. "मावशी, पारा विष असतो."

"जित्ता आसताना. म्हून तर मारायचा," भामाबाई शांतपणे म्हणाली. "एकदा मेला की झाली राख. मेल्याला कावून भ्यायचं?"

जमलेल्या बायका हसल्या. ऋतुजा हसली नाही. ती आत गेली आणि मला घेऊन आली. तिचा चेहरा पाहून मला तेव्हाच माघारी कपाटात जावंसं वाटलं.

तिनं दोन वाट्या मागितल्या. एकीत पाणी घेऊन नळीतला जिवंत पाऱ्याचा थेंब सोडला. दुसरीत त्या करड्या राखेची चिमूट आणि पाणी घालून ते आपल्या ओढणीच्या पदरातून गाळून घेतलं. मग पहिल्या वाटीत मला टाकलं. मी गप्प राहिलो. पारा तळाशी लुकलुकत होता आणि पाणी पांढरं ते पांढरंच. भामाबाईच्या तोंडावर समाधान आलं. "बग," ती बायकांना म्हणाली, "जित्तासुदिक काई करीना हिच्या औशिदाला. मेलेला काय करतोय."

दुसऱ्या वाटीत मी उतरलो आणि मला धरायलाही काही उरलं नाही. माझी प्रत्येक कडी एकाच वेळी उघडली. लिंबानं, राखेनं आणि तिच्या अंगठ्यानं पारा असा दळला होता की तो पाण्यात मीठ उतरावं तसा उतरला होता. तिच्या भाषेत तो मेला होता. माझ्या दृष्टीनं तो तिथंच जागा झाला होता. वाटी जास्वंदीच्या पाण्यासारखी गुलाबी झाली.

भामाबाई वाटीवर वाकली. मग म्हणाली, "लिंबानं झालं आसंल."

तिचं म्हणणं रास्त होतं. ऋतुजानं तिसरी वाटी घेतली. त्यात लिंबू होतं, चुलीतली कोरी राख होती, पाणी होतं. मी तसाच राहिलो. भामाबाईनं स्वतः वाटी उचलून उजेडात धरली. पाणी तिच्या हातात डुचमळत होतं. मग तिनं काही न विचारता दुसऱ्या एका वाटीत लिंबाच्या पाण्यानं आपले हात धुतले आणि ती वाटी ऋतुजापुढं सरकवली.

ती वाटीही गुलाबी झाली.

सुकन्या दारात उभी होती. तिनं पुढं येऊन अंजूला उचललं, कडेवर घेतलं आणि ती आत निघून गेली. भामाबाईनं ते बघितलं. मीही बघितलं. त्या क्षणी मला माझ्या कामाची शिसारी आली.

बायका आपापली पोती उचलून निघाल्या. कुणी न चोळलेलं धान्य नेलं, कुणी गोंधळून चोळलेलंही नेलं. ऋतुजा त्यांना थांबवत होती, समजावत होती, पण तिच्या तोंडी कॉलेजचे शब्द यायला लागले होते आणि ते कुणाला कळत नव्हते.

दुपारी घरात बैठक बसली. बजरंग म्हणाला, "माय, तुजं थांबव, बास. हाताला इलाज करू. पर गावात काई बोलू नगंस. लई जनांचं धान्य तू चोळलंय. आमी जानार निगून, तू हितं येकली. कुनी दगुड मारला तर?"

ऋतुजाही अडखळली. ती म्हणाली, "मावशी, पारा आहे एवढं कळलं. किती आहे ते यावरून सांगता येत नाही. आधी मोठ्या लॅबमध्ये तपासून घेऊ, मग बोलू."

"तू मला येक सांग," भामाबाई म्हणाली. "चतुरीच्या घरी मागल्या पंधरवड्यात म्या तूर चोळली. ती तूर तिच्या नातवंडांच्या ताटात जानार. त्यात हाय का न्हाई?"

"आहे."

"मंग किती ते तू मागून बग."

ती उठली, चप्पल घातली. ऋतुजाला म्हणाली, "तुजी बाटली घे." आणि आम्ही तिघं आळीत निघालो.

त्या दिवसाची आठवण काढली की अजून मला थकवा येतो. प्रत्येक घरी तेच. भामाबाई उंबऱ्याबाहेर उभी राहायची, आत पाऊल टाकायची नाही. "तुमच्या कोठीतली वंजळभर डाळ द्या," म्हणायची. ऋतुजा ती लिंबाच्या पाण्यात धुवायची, पाणी गाळायची, मला टाकायची. कुठं मी फिकट गुलाबी व्हायचो, कुठं गडद. मग भामाबाई स्वतःच्या तोंडानं सांगायची, "ह्ये माज्या हातचं इख हाय. खाऊ नगा. कोंबड्यास्नीबी टाकू नगा." सांगून झालं की पुढच्या घरी. बाटलीतली माझी पातळी उतरत चालली होती, आणि तिच्या चेहऱ्याचंही तसंच होत होतं.

लोकांनी दगड मारले नाहीत. त्याहून अवघड झालं. काहींनी विश्वासच ठेवला नाही. चतुराबाई चिडली ती ऋतुजावर. "भामीच्या हातचं खाऊन माजी लेकरं वाढली," ती म्हणाली. "तू आलीस आन् ती इखारी झाली व्हय? आन हिकडं ती बाटली, फोडून टाकते." भामाबाई मध्ये पडली. "चतुरे, बाटलीवर राग नगं काढू. तुज्या थोरल्या नातवाच्या हिरड्या सुजल्यात का न्हाई ते बग आदी." चतुराबाईनं नातवाला हाक मारली, त्याचा जबडा धरून तोंडात बघितलं. मग ती आत गेली आणि तिनं तुरीचं पोतं फरफटत अंगणात आणलं. त्यानंतर ती भामाबाईशी बोलली नाही. त्या दिवशीही नाही आणि पुढंही नाही.

ऋतुजानं तालुक्याला कळवलं. आरोग्य खात्याची माणसं येऊन नमुने घेऊन गेली, उत्तर येईपर्यंत हे धान्य खाऊ नका म्हणाली. काहींनी खड्डा करून पुरलं. काहींनी चार पाण्यानं धुऊन खाल्लं, कारण दुसरं आणायचं कुठून हा प्रश्न त्यांच्यापुढं होताच. मी कुणाला दोष देत नाही.

भामाबाईला आणि अंजूला बीडच्या दवाखान्यात नेलं. लघवीचे नमुने मोठ्या शहरात गेले. तिथली यंत्रं माझ्यापेक्षा शहाणी आहेत, ती किती तेही सांगतात. भामाबाईच्या अंगात पुष्कळ पारा निघाला. अंजूच्या अंगात थोडा. डॉक्टर म्हणाले, पोरगी लहान आहे, संपर्क तुटला की आपोआप उतरेल. भामाबाईला त्यांनी औषधं लिहून दिली आणि सांगितलं की कंप कमी होईल, पण कधी आणि किती ते सांगता येत नाही. वर्षानुवर्षं पारा मारला ते घर, तो कोपरा, ती शेणानं सारवलेली जमीन, तिथं बारीक कण असणार. जमीन खरवडून काढा, तोवर मुलीला तिथं ठेवू नका, असंही ते म्हणाले.

परतीच्या एस.टी.त सुकन्या खिडकीशी बसली होती. गेवराई मागं पडल्यावर ती हळूच म्हणाली, "आत्याबाई, तुमी म्हनाल तर हिला माज्या माहेरी ठिवते. फडावर नगं नेयाला."

"तुझ्या माहेरी कोन हाय बघायला? म्हातारा बाप," भामाबाई म्हणाली. "संगं ने. थंडी वाजंल, वाजू दे. उसाच्या वाऱ्यात तिचं अंग सुदारंल. माज्या घरापरीस फड बरा."

जिनं पोरगी जवळ राहावी म्हणून हात थांबवायला सांगितले होते, ती हे म्हणाली. सुकन्यानं तोंड फिरवून पदर डोळ्याला लावला. भामाबाई सरळ पुढं बघत होती. तिला रडू आलं नाही, की तिनं ते दिसू दिलं नाही, हे मला कळलं नाही.

ट्रॅक्टर आला तेव्हा सगळी आळी रस्त्यावर होती. भांडी, वळकट्या, कोयते, एक शेळी, सगळं ट्रॉलीत चढलं. बजरंगनं अंजूला वर घेतलं. तिला वाटलं आजीही येणार. तिनं ट्रॉलीच्या फळीवरून दोन्ही हात खाली केले आणि आजीला बोलवायला लागली. भामाबाई हात मागं बांधून उभी राहिली. पोरगी रडली, तिनं हात तसेच लांब ठेवले, ट्रॅक्टर सुरू झाला, आणि ही बाई तशीच, हात मागं. शेजारच्या बायकांना ते निष्ठुर वाटलं असेल. मी ऋतुजाच्या पिशवीत होतो आणि मला भामाबाईची बोटं मागून दिसत होती, एकमेकांत घट्ट आवळलेली.

ऋतुजा बीडला जायला निघाली तेव्हा भामाबाईनं एकच मागणं केलं. "तुजं औशिद थोडं मला ठिव. उन्हाळ्यात पोरगी ईल. त्या दिशी हात धुऊन बगीन. पांडरं राहिलं तरच उचलीन तिला." मी बाटलीच्या तळाशी उरलो होतो. ऋतुजानं मला अत्तराच्या एका रिकाम्या कुपीत ओतलं, साध्या पारदर्शक काचेच्या. घरात दुसरं काही हाताशी नव्हतं. तिनं बजावलं, "पेटीत ठेव, मावशी. अंधारात. उन्हात नको." भामाबाई हो म्हणाली आणि तिनं मला पेटीत लुगड्यांच्या खाली ठेवलं.

तिथं मी बरा होतो. पण पारा माणसाची आठवणही खातो. काही दिवसांनी ती पेटी उघडून बसली, कुपी हातात घेतली, आणि ऋतुजानं काय सांगितलं होतं ते तिला आठवेना. एवढंच आठवलं की ही वस्तू खरं सांगते. म्हणून तिनं मला देवळीत नेऊन ठेवलं, देवांच्या शेजारी. कुपीला हळदीचं बोट लावलं. रोज सकाळी ती माझ्यापुढं अगरबत्ती लावते आणि हात जोडते. ते हात पूर्वीपेक्षा कमी कापतात, हे मी बघतोय. त्या कोपऱ्यातली जमीन मात्र कुणी खरवडली नाही. तिथं ती अजून हातानंच सारवते.

देवळी उगवतीच्या दारासमोर आहे. दार उघडलं की ऊन सरळ माझ्या अंगावर येतं आणि सकाळभर राहतं. उन्हानं माझ्या कड्या सडत चालल्यात. रोज थोड्या. सडलेली कडी पारा आला तरी उघडत नाही. दिसायला मी आहे तसाच आहे, स्वच्छ, बिनरंगी, आणि त्यामुळं तिला काही कळायचं कारण नाही.

होळी झाली. परवा बजरंगचा फोन आला होता, साखर कारखान्याचा हंगाम संपतोय म्हणून. भामाबाईनं वाटी घासून ठेवलीय. लिंबू आणून ठेवलंय. अंजू ट्रॉलीतून उतरेल, ही बाई वाटीत हात धुवेल आणि मला त्यात सोडेल. तिच्या नखांत, त्या जमिनीच्या भेगांत काय उरलंय ते मला माहीत नाही. पण वाटीत काहीही असलं तरी मी आता पांढराच राहणार. ती माझ्यावर विश्वास ठेवेल.

ऐकणाऱ्यांपैकी कुणी चकलांब्याकडं जाणार असेल, किंवा कुणाला बीडच्या ऋतुजाचा नंबर माहीत असेल, तर तिला एवढं सांगा, ताजं द्रावण करून लवकर ये. आणि तोवर ती पोरगी आजीच्या हातात देऊ नका. मी गुलाबी झालो नाही, म्हणूनही देऊ नका.